आशा पुथली ऐकण्याआधी

१९७३ साली लंडनमध्ये सीबीएस कंपनीने एका नव्या गायिकेची लाँग प्ले तबकडी काढली. तबकडीचं नाव गायिकेचंच: 'आशा पुथली'. गायिका मुंबईत वाढलेली, हिंदुस्थानी रागसंगीताची तालीम घेतलेली. निर्माता डेल न्यूमन. याच न्यूमनने त्या वर्षी एल्टन जॉनच्या 'गुडबाय येलो ब्रिक रोड'साठी व्हायोलिनवृंदाचं संयोजन केलं होतं. गाणी जे. जे. केल, जॉर्ज हॅरिसन, बिल विदर्स अशांची. त्यांतली बरीचशी पॉप आणि रॉकच्या दुनियेतली, पण पुथलींनी ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताच्या अंगाने गायली. इकडे मुंबईत तेव्हा गल्लोगल्ली 'बॉबी'ची गाणी वाजत होती. पुथलींची ही तबकडी आपल्याकडे फारशी कुणाच्या कानांवर पडली नाही, आणि आजही आशा म्हटलं की मराठी माणसाला दुसरं नाव सुचतच नाही. त्यात गैर काही नाही. पण याच शहरातून गेलेल्या एका आवाजाची ओळख आपल्या भाषेत करून द्यायची राहिली, याची रुखरुख मला फार वर्षं आहे.

म्हणून ही पुस्तिका. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत आमच्या ज्या श्रवण-बैठकी होतात, त्यांना येणाऱ्या मंडळींसाठी ती मुख्यतः तयार केली आहे. या बैठकींना येणारे बहुतेकजण नाट्यसंगीत, भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी ऐकत मोठे झाले आहेत. पाश्चात्त्य संगीत त्यांनी ऐकलेलं असतं, पण तुकड्यातुकड्याने: बीटल्स, अबा, मायकल जॅक्सन. मधले दुवे गळालेले. पुढच्या पानांवर तबकडीतल्या एकेका गाण्याचं टिपण आहे. ती टिपणं वाचण्याआधी सोल म्हणजे काय, ते मुंबईपर्यंत कसं पोचलं आणि पुथलींनी त्याचं काय केलं, एवढं सांगणं हे या प्रस्तावनेचं काम.

सुरुवात चर्चपासून करावी लागते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गाणं ऐकायला कुणी नुसतं बसत नाही. पाद्री प्रवचन करता करता सुरात शिरतो, समोरून हुंकार येतात, टाळ्या पडतात, एक ओळ मुख्य गायक उचलतो आणि सगळा जमाव ती परत करतो. आपल्या कीर्तनात बुवा आख्यान सांगताना मध्येच पद उचलतात आणि टाळकरी ते झेलतात, ते ज्याने पाहिलंय त्याला ही रीत वेगळी समजावून द्यायला नको. या चर्चमधल्या गायनाला गॉस्पेल म्हणतात. १९५४च्या नोव्हेंबरमध्ये रे चार्ल्स या अंध पियानोवादक गायकाने अटलांटातल्या एका रेडिओ केंद्रात 'आय गॉट अ वुमन' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. घडण सगळी गॉस्पेलची. फक्त देवाच्या जागी प्रेयसी आली. चर्चमधली माणसं दुखावली, देवाचं गाणं बाजारात विकलं असा बोल लागला. पण दार उघडलं ते उघडलंच. सॅम कुक हा 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल गटाचा लाडका गायक १९५७ साली ऐहिक गाण्याकडे वळला. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री सी. एल. फ्रँकलिन यांची मुलगी अरीथा पुढे सोलची सम्राज्ञी ठरली, आणि १९७२ साली लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये परत जाऊन तिने 'अमेझिंग ग्रेस' हा गॉस्पेलचा संच प्रत्यक्ष भाविकांसमोर ध्वनिमुद्रित केला. देवघरात घडलेला गळा रस्त्यावर आणायचा आणि तो आणताना त्यातली आर्तता तसूभरही कमी होऊ द्यायची नाही, हे सोलचं मर्म आहे.

मराठी रसिकाला हे परकं वाटू नये. 'संगीत कान्होपात्रा'तल्या अभंगांना नाट्यगृहात वन्स मोअर मिळत होते, तेव्हा देवळातलं गाणं तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकापर्यंत पोचलंच होतं. त्याहून जवळचं उदाहरण आंबेडकरी गायकांचं. भजनाची, कव्वालीची, सिनेमाच्या गाण्याचीसुद्धा चाल घ्यायची आणि तिच्यावर भीमरायाचे शब्द चढवायचे, हे वामनदादा कर्डक आणि त्यांच्या पिढीतल्या कवी-गायकांनी गावोगाव केलं. चाल ओळखीची असल्यामुळे समोरचा माणूस पहिल्या कडव्यातच साथ धरतो, आणि शब्द नवे असल्यामुळे घरी जाताना त्याच्या डोक्यात काहीतरी हललेलं असतं. अमेरिकेत नागरी हक्कांच्या लढ्यात हेच घडत होतं. सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' १९६४चं, कर्टिस मेफील्डचं 'पीपल गेट रेडी' १९६५चं, आणि ओटिस रेडिंगचं मूळ गाणं उलटं करून अरीथाने गायलेलं 'रिस्पेक्ट' १९६७चं. त्याच लढ्याच्या पुढच्या टप्प्यात तिकडे ब्लॅक पँथर उभी राहिली आणि तिचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली. कृष्णवर्णीयांचं साहित्य आणि राजकारण मराठीत तेव्हाच पोचलं. त्यांचं गाणं मात्र पोचलं नाही. हा दुवा जुळला असता तर मराठी गाण्याचा इतिहास थोडा निराळा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या उपनगरांत हा विषय काढला की मला विलास घोगरे आठवल्याशिवाय राहत नाहीत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहाजणांचा जीव गेला. चार दिवसांनी मुलुंडमध्ये राहणाऱ्या शाहीर घोगरे यांनी निषेध म्हणून आपलं जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाची सुरुवात त्यांच्यापासून होते. पटवर्धनांनी त्यांचं गाणं त्याआधी 'हमारा शहर' या माहितीपटातही टिपून ठेवलं होतं. एकदा ते लक्ष देऊन ऐका. आवाज तापलेला, कडांना फाटणारा, पण सुरावरून न ढळणारा. आणि प्रत्येक ओळीत समोरच्याला हाक. ओटिस रेडिंगचं गाणं ऐकताना जे आपल्याला हलवतं ते हेच. मुलुंडच्या माणसाला सोल समजून घ्यायला मेम्फिसला जायची गरज नाही, असं मी बैठकीत म्हणतो ते याच आधारावर.

आता थोडं तालाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं ऐकणं अडतं. सोलच्या चार मात्रांच्या आवर्तनात जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ड्रमचा कडक ठोका तिथेच पडतो, लोक टाळीही तिथेच देतात. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय. बैठकीत मी गाणं लावून सगळ्यांना टाळ्या द्यायला सांगतो तेव्हा निम्म्या खोलीचा हात पहिल्या मात्रेवर पडतो आणि गाणं एकदम जड, कवायतीसारखं वाटायला लागतं. मग पहिल्या मात्रेला पाय टेकवा, हात दुसरीसाठी राखून ठेवा, असं सांगतो. दोन आवर्तनं गडबड होते. तिसऱ्या आवर्तनात खांदे आपोआप हलायला लागतात. पुस्तिकेतल्या टिपणांत 'टाळी' असं जिथे म्हटलंय तिथे दुसरी आणि चौथी मात्रा समजावी.

सोलची दोन मोठी घराणी होती. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने १९५९ साली मोटाउन कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका राहत्या घराचं त्याने ध्वनिमुद्रणगृह केलं. तिथले वादक 'फंक ब्रदर्स' म्हणून ओळखले जात, पण त्यांची नावं तबकड्यांवर बरीच वर्षं छापलीच गेली नाहीत. जेम्स जेमर्सनचं बेस गिटार ऐकलं की कळतं, गाण्याचा खरा कणा कुणी धरलाय. मोटाउनचं गाणं घोटून गुळगुळीत केलेलं, गोऱ्या घरांतल्या रेडिओवरही चालावं असं. दुसरं घराणं मेम्फिसच्या स्टॅक्सचं. त्यांचं ध्वनिमुद्रणगृह एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात होतं आणि तिथलं गाणं खडबडीत, घामेजलेलं. स्टॅक्सच्या वादकवृंदात काळे आणि गोरे एकत्र वाजवत होते, तेही वंशभेदाने दुभंगलेल्या दक्षिणेत, १९६०च्या दशकात.

सोल मुंबईत आलं ते जॅझच्या मागोमाग. ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. त्यानंतर टेडी वेदरफर्डसारखे वादक इथे राहिले, आणि त्यांच्या संगतीत चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक तयार झाले. हेच गोवेकर पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. ही सगळी कथा नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात अतिशय मेहनतीने मांडली आहे, ती जरूर वाचा. १९६०च्या दशकात गिटारवाले तरुण बँड आले. त्यांच्या कार्यक्रमांत बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सच्या बरोबरीने सोलची गाणीही असत. नवी तबकडी हवी असेल तर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जायचं. घाटकोपर-मुलुंडच्या मुलांनी लोकल पकडून व्हीटी गाठायचं आणि पुढे चालत. काचेच्या कपाटापलीकडची तबकडी विकत घेण्याइतके पैसे खिशात क्वचितच असत. बाकी सगळी भिस्त रेडिओवर. व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम रात्री लघुलहरींवर, खरखर सहन करत, मुंबईतली किती घरं ऐकत होती! आशा पुथली त्याच श्रोत्यांपैकी एक.

पुथलींचा जन्म १९४५चा. घरी शास्त्रीय संगीताची तालीम, रेडिओवर जॅझ, आणि शहरात संध्याकाळी बँडबरोबर गाणं. 'द सॅव्हेजेस' या मुंबईच्या बँडबरोबर त्यांनी एक छोटी तबकडीही केली. वेद मेहता यांनी 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या १९७०च्या पुस्तकात मुंबईच्या जॅझवर लिहिताना या तरुण गायिकेचं चित्र रेखाटलं आहे. बाहेर पडण्यासाठी त्यांनी विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी केली, मग नृत्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क गाठलं. तिथे जॉन हॅमंड भेटले. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन या सगळ्यांना पुढे आणणारा हा कोलंबिया कंपनीचा जाणकार. त्याने मुंबईच्या या मुलीला ऑर्नेट कोलमनकडे पाठवलं.

इथे जरा थांबायला हवं. कोलमन हा जॅझमधला बंडखोर. ठरलेल्या स्वरसंगतींचा आधार त्याने काढून टाकला होता, आणि त्याच्या चाली गाताना नावाजलेले गायकही बिचकत. १९७१च्या सप्टेंबरमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'सायन्स फिक्शन' या त्याच्या संचात पुथलींनी दोन गाणी गायली: 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' आणि 'ऑल माय लाइफ'. वाद्यं आपापल्या वाटेने उसळत असतात आणि मधून हा आवाज सरळ, न डगमगता चालत राहतो. ज्याने आलाप केलाय, ज्याला तानपुऱ्याच्या षड्जावर एकट्याने उभं राहायची सवय आहे, त्यालाच हे जमावं. 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी जॅझ गायिकांच्या कौलात त्यांची दखल घेतली. आणि त्याच सुमारास त्यांनी पीटर आयव्हर्सच्या ब्लूज बँडबरोबर 'एन्ट दॅट पिक्युलिअर' गायलं. मूळ गाणं १९६५चं, मोटाउनचं, मार्व्हिन गे याने गायलेलं, स्मोकी रॉबिन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रचलेलं. म्हणजे सोलची वाट त्यांनी अशी आडवळणाने धरली: आधी जॅझचा सर्वांत अवघड कोपरा, मग मोटाउन.

१९७३च्या तबकडीकडे या पार्श्वभूमीवर बघावं. पहिलं ऐकायचं ते 'राइट डाउन हिअर'. जे. जे. केल हा ओक्लाहोमाचा गिटारवादक-गीतकार. आवाज जवळजवळ पुटपुटल्यासारखा, सगळं आरामात. त्याच्या 'रिअली' या संचातली दोन गाणी पुथलींनी घेतली, दुसरं 'लाइज'. 'राइट डाउन हिअर'ची लय संथ आहे, बेस गिटार खाली रेंगाळत चालतं, न्यूमनची व्हायोलिनं मागून भरून येतात. आणि आवाज? सोलची गायिका म्हटल्यावर आपण अरीथाचा पुकारा अपेक्षित धरतो, चर्चचं छप्पर उडवणारा. पुथली इथे आवाज चढवतच नाहीत. शब्द श्वासावर सोडतात, मात्रेच्या किंचित मागे राहतात, आणि दोन स्वरांमधलं अंतर उडी मारून न ओलांडता घसरत ओलांडतात. ती मींड आहे. लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात, अमेरिकी गाण्यात, इंग्रजी शब्दांवर, पण घेतली जाते ती ठुमरीत घेतात तशी, शब्दाचा अर्थ थोडा हलवण्यासाठी. एखादा शब्द ओळीच्या शेवटी कसा खाली उतरतो तेवढंच धरून हे गाणं दोनदा ऐका. पहिल्यांदा लक्षात येणार नाही, दुसऱ्यांदा त्याखेरीज काही ऐकूच येणार नाही.

बिल विदर्सचं 'लेट मी इन युअर लाइफ' हे दुसरं मोलाचं गाणं. विदर्स खाणकामगारांच्या मुलुखातला, विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करता करता गाणी लिहिणारा. त्याच्या गाण्यांत शब्द कमी आणि प्रामाणिकपणा भरपूर. हे गाणं त्याच्या १९७२च्या 'स्टिल बिल' या संचातलं. पुढे १९७४ साली अरीथानेही ते गायलं आणि आपल्या संचाला त्याचंच नाव दिलं. म्हणजे मुंबईची गायिका अरीथाच्या आधी तिथे पोचली होती. दोन्ही गायनं एकापाठोपाठ ऐकावीत. अरीथा दार ठोठावते. पुथली उंबऱ्यावर उभ्या राहून विचारतात. मला अरीथाचं गाणं जास्त भिडतं, हे मोकळेपणाने सांगतो. पण पुथलींनी अरीथा होण्याचा प्रयत्न केला नाही, यातच त्यांचं मोठेपण आहे. जॉर्ज हॅरिसनच्या 'आय डिग लव्ह'मध्ये मात्र कुजबुज आणि लाडिकपणा थोडा जास्त झालाय असं माझं मत. पुढच्या काळातल्या संगीतकारांना नेमकं तेच गाणं फार आवडलं, त्यामुळे वाचकांनी माझ्या मतावर विसंबू नये.

पॉप-रॉकच्या गायकांनी जुन्या सोलची ओढ घेऊन संच काढणं ही पुढे एक वाटच झाली. तिचा पहिला उत्तम नमुना पुथलींच्या आधीचा: १९६९चा 'डस्टी इन मेम्फिस'. डस्टी स्प्रिंगफील्ड ही इंग्लंडची लोकप्रिय पॉप गायिका मेम्फिसला गेली, निर्माता जेरी वेक्सलर. ज्या जागेत सोलचे मोठे गायक उभे राहिले तिथे उभं राहून गायचं या कल्पनेनेच ती इतकी दडपली की तिचा आवाज अखेर न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित करावा लागला. ती भीती त्या संचात ऐकू येते, आणि त्यामुळेच तो इतका हळवा झालाय. त्याच्या उलट २०१० साली फिल कॉलिन्सने 'गोइंग बॅक' काढला. मोटाउनची गाणी, शक्य तितकी मूळ तबकड्यांसारखी. हयात असलेल्या फंक ब्रदर्सपैकी काहींनाही त्याने वाजवायला बोलावलं. प्रेम शंभर टक्के खरं. पण ऐकताना मूळ तबकडीच काढून लावाविशी वाटते. एमी वाइनहाउसच्या २००६च्या 'बॅक टू ब्लॅक'ची तऱ्हा वेगळी: वाद्यांचा बाज जुना, ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या वादकांचा, आणि शब्द तिच्या स्वतःच्या उत्तर लंडनच्या आयुष्यातले, कसलीही भीडभाड न ठेवता लिहिलेले. म्हणून ते गाणं तिचं झालं. माझं म्हणणं या चार संचांवरच उभं आहे. सोलपासून काही घ्यायचं तर त्याचा बाज उसना मिळतो, आर्तता मिळत नाही. ती गायकाला स्वतःच्या घरातून, स्वतःच्या तालमीतून आणावी लागते. पुथलींनी ती आणली.

त्यांच्या पुढच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. १९७६च्या 'द डेव्हिल इज लूज' या संचात 'स्पेस टॉक' हे गाणं आहे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसो यांच्या 'द लॉफ्ट' या घरगुती नृत्यमैफलीत ते रात्र-रात्र वाजायचं. १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या 'लाइफ आफ्टर डेथ' या संचात त्याचा तुकडा वापरला गेला, आणि अमेरिकी तरुणांनी तो आवाज कुणाचा हे न कळताच ऐकला. रवीना अरोरा या तरुण भारतीय-अमेरिकी गायिकेने २०२२च्या 'आशाज अवेकनिंग' या संचात पुथलींना सोबत घेऊन गाणं केलं. २०२४ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्या इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात गायल्या. कृष्णवर्णीयांच्या संगीताकडून मुंबईच्या मुलीने जे घेतलं ते त्याच संगीताच्या नव्या पिढीने तिच्याकडून परत घेतलं, याचा मला फार आनंद आहे.

मराठीत या वाटेच्या सर्वांत जवळ कोण गेलं असेल तर नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा रॉक बँडमध्ये गायचा. अलेक पदमसी यांनी १९७४ साली मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' उभं केलं तेव्हा त्यात जूडास त्यांनी केला. त्या संगीतिकेत सोलचं अंग सर्वांत जास्त जूडासच्याच गाण्यांत आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. मग १९७८ साली पुलंनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेलं, जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेलं थिएटर ॲकॅडमीचं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. त्यात भेंडे अंकुश झाले आणि मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर रंगमंचावर चढले. नाट्यपदांवर पोसलेल्या प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. पुढे हा धागा कुणी नेटाने धरला नाही. भेंडे २०१४ साली गेले. त्यांच्यावर मराठीत एखादं सविस्तर पुस्तक व्हायला हवं. या पुस्तिकेत त्यांच्यासाठी दोनच पानं देता आली.

आणि उपनगरं? १ नोव्हेंबर १९९६च्या रात्री अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन गायला. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने त्याला ओवाळलं, हे सगळ्यांना आठवतं. तो आला कुठून, हे फारसं कुणी बोललं नाही. जॅक्सन हा मोटाउनचा मुलगा. भावांबरोबरच्या 'जॅक्सन फाइव्ह'चा सर्वांत लहान गायक म्हणून बेरी गॉर्डीच्या कंपनीत तो दहा-अकरा वर्षांचा असताना आला. त्या जगदौऱ्याच्या कार्यक्रमात 'जॅक्सन फाइव्ह'च्या जुन्या गाण्यांची गुंफणही असायची. सोलचा एवढा मोठा वारसदार आपल्या दाराशी येऊन गेला तरी आपण फक्त नाच पाहिला. आज त्याच अंधेरी पश्चिमेला, वर्सोवा, ओशिवरा, वीरा देसाई रोडच्या इमारतींत छोटी छोटी ध्वनिमुद्रणगृहं आहेत. भिंतीला फोम, एक संगणक, एक चांगला मायक्रोफोन, आणि बाहेर रिक्षांचा आवाज थांबेपर्यंत खोळंबलेला गायक. तिथे मराठी मुलं-मुली येतात, उत्तम इंग्रजी सोल गातात, उच्चारही अगदी अमेरिकी. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एकदा पुथलींचं 'राइट डाउन हिअर' ऐका, मग घोगरे ऐका, मग स्वतःचा आवाज लावा.

पुस्तिका कशी वाचावी, याबद्दल दोन शब्द. टिपणं गाण्यांच्या क्रमानेच वाचायला हवीत असं नाही, पण प्रत्येक टिपण गाणं ऐकून झाल्यावरच वाचावं, आधी नको. हेडफोनपेक्षा खोलीत, दोन-चार माणसांनी मिळून ऐकलं तर बरं. सोल एकट्याने ऐकायचं संगीत नव्हे. जिथे मूळ गायकाचं गाणं उपलब्ध आहे तिथे ते आधी लावावं आणि पुथलींचं नंतर. शब्द सगळे कळले नाहीत तरी अडत नाही. स्वर कुठे घसरतो आणि श्वास कुठे घेतला जातो, तिकडे लक्ष असू द्या.

शेवटी एक विनंती. आमच्या भागातल्या पाश्चात्त्य गाण्याचा इतिहास जवळजवळ लिहिलाच गेलेला नाही. बोरिवलीची आय. सी. कॉलनी, मालाडचं ऑर्लेम, अंधेरीचं आंबोली, मरोळ आणि चकाला इथली गावठाणं, तिथल्या चर्चमधले गायनवृंद, लग्नाचे बँड, कॉलेजांच्या महोत्सवांतले गट यांतून किती आवाज होऊन गेले असतील. कुणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, टेपरेकॉर्डरवर उतरवलेल्या कॅसेट असतील, कार्यक्रमांची छापील पत्रकं किंवा छायाचित्रं असतील तर ती रद्दीत घालू नका. कॅसेटची फीत बुरशी धरते, तेव्हा पावसाळ्याआधी कोरड्या जागी हलवा आणि जमेल तितक्या लवकर डिजिटल प्रत करून घ्या. कुणी गायलं, कुठे गायलं, कोणत्या साली, एवढं तरी पाठीमागे पेन्सिलने लिहून ठेवा. आणि बैठकीला येताना ते घेऊन या. पुढच्या आवृत्तीत त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.